तेलाचे कपडे वेगळे

रिठ्याची साल, कोमट पाण्यात टाकून फुगत ठेवलेली.

भोसरीच्या एका शेडमधलं लेथ मशीन आणि त्याच्या पत्र्यावरून ओघळणारं दुधाळ कूलंट.

उशीचा जुना पांढरा अभ्रा, नाडीने तोंड बांधलेला.

"नवीन काही आणायचं नाही. एक रुमालसुद्धा नको."

कडुनिंबाचा वाळलेला पाला. बोटांत धरला की त्याचा चुरा होतो.

कापड फाटतानाचा आवाज. सगळी कापडं सारखीच फाटतात असं माणसांना वाटतं.

नायलॉनच्या पट्ट्यांची खाट, आणि तिच्यावर पसरलेलं काहीतरी निळं, ओलं.

मित्रांनो, या गोष्टी एकमेकींच्या नात्यातल्या वाटत नसतील. पण या सगळ्या माझ्या अंगावरून गेल्या आहेत. मी प्रभावतीच्या घरची सुती साडी. वयाने जुनी, निळ्या अंगाची, तांबड्या काठांची. नऊवारी होते. आता तुकड्यांत राहते, म्हणून बोलतेही तशीच. तुम्ही मात्र गोंधळू नका. तुकडे मी ओळीने लावते आहे.

ताणा आणि बाणा

माझा जन्म सोलापूरकडच्या एका हातमागावरचा. उभे धागे ताठ बसले होते, आडवा धागा धोट्यातून इकडून तिकडे पळत होता, आणि मागावर बसलेला धोंडीबा मधूनच थांबून तुटलेला धागा बोट ओलं करून जोडत होता. ते ओलं बोट हा मला आठवणारा पहिला स्पर्श. माणूस घाईत असला की धागा कोरडाच जोडतो, आणि मग तो पहिल्याच ओढीला सुटतो. धोंडीबाला घाई नव्हती. मी इतकी वर्षं टिकले त्याचं पहिलं श्रेय त्याला.

मला विकत घेतलं चतुराबाईने. तिने मला उजेडासमोर धरलं, पदर मुठीत चुरगाळला, सोडला, पुन्हा चुरगाळला. दुकानदार म्हणाला, मावशी, साडी घ्यायची की कणीक मळायची? चतुराबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिच्या मुलाला, साहेबरावाला, पिंपरीच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. गाव सोडून त्याच्याबरोबर राहायला निघालेली ती बाई शहरात नेसायला म्हणून मला घेत होती. एसटीतून आम्ही भोसरीला आलो. एक खोली, एक खिडकी, एवढीशी मोरी.

मोरी एवढीशी, पण बादल्या दोन. एक लोखंडी, एक पितळी. साहेबराव कंपनीतून यायचा तेव्हा त्याच्या शर्टाला ग्रीस, ऑइल, लोखंडाचा बारीक चुरा, सगळं लागलेलं असायचं. ते कपडे लोखंडी बादलीत, धुण्याच्या सोड्यात. बाकी घर पितळी बादलीत. चतुराबाईचा नियम एका ओळीचा होता: तेलाचे कपडे वेगळे. कधी चुकून साहेबरावाचा हातरुमाल आमच्या बादलीत आला, तर ती तो दोन बोटांत धरून बाहेर काढायची आणि त्याच्यासमोर नाचवायची. साहेबराव म्हणायचा, आई, त्याच तेलावर घर चालतंय. ती म्हणायची, चालू दे की, पण पितळी बादलीत नको.

मोरी

प्रभावती सून होऊन घरात आली तेव्हा तिला धुणं म्हणजे आपटणं एवढंच ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी तिने मला मोरीच्या कट्ट्यावर धाडधाड आपटलं. चतुराबाई स्टोव्ह सोडून उठून आली.

"आगं, तिच्यावर कसला राग काढतीस? राग आला असंल तर साहेबरावावर काढ. त्याला आपटलं तरी त्यो फाटत न्हाई."

नवी सून हसू दाबताना पाण्यातच बसली. त्या दिवसापासून दोघींचं जमलं, आणि माझं धुणं हे त्यांच्या गप्पा मारायचं निमित्त झालं. रिठे फोडून त्यांची साल कोमट पाण्यात भिजवायची. पाणी गाळून हाताने फेस आणायचा. मला त्यात बुडवायचं आणि वर-खाली करायचं, बाळाला आंघोळ घालतात तसं. घासायचं असेल तर तळहाताने, ब्रशने नाही. आणि पिळायचं नाही. हे पिळायचं नाही शिकायला प्रभावतीला सगळ्यात वेळ लागला. हातांना पिळायची सवय असते. ओलं काही हातात आलं की ते आपोआप उलट्या दिशांना फिरतात. चतुराबाई तिचे हात धरून ठेवायची आणि माझ्यातलं पाणी माझ्याच वजनाने गळू द्यायची.

वाळत घालायचं सावलीत. घडी दर वेळी वेगळ्या जागी मोडायची, कारण एकाच रेघेवर घडी बसत राहिली तर कापड त्या रेघेवर चिरतं. खळ दिली असेल तर ठेवून देण्याआधी धुऊन काढायची, नाहीतर कसर लागते. त्या दोघींनी कधी पुस्तक वाचून हे केलं नाही, आणि याचा कधी गवगवाही केला नाही. त्यांच्या लेखी ते मीठ बेताने घालण्याइतकं साधं होतं.

एकदा हातगाडीच्या खिळ्यात अडकून माझ्या काठाशेजारी भोक पडलं. प्रभावतीने माझ्याच पदराच्या टोकातून धागे काढले आणि त्या धाग्यांनी ते भोक विणून भरलं. माझंच अंग माझ्या अंगाला लावलं. बाहेरचा धागा कितीही चांगला असला तरी धुण्यात वेगळा आटतो आणि ओढतो, असं चतुराबाई म्हणाली होती. ते रफू इतकं बारीक होतं, की डोळ्यांना दिसायचं नाही. बोट फिरवलं तरच कळायचं.

पहिलं कापड

आता माझ्या मानाची गोष्ट सांगते, म्हणजे पुढची भीती तुम्हाला कळेल.

आपल्याकडे बाळ जन्मल्या जन्मल्या त्याला नवं कापड लावत नाहीत. नवं कापड टोचतं. त्यात खळ असते, दुकानाची धूळ असते. बाळाला लागतं खूप धुतलेलं सुती कापड, जे अंगावर आहे की नाही ते कळूही नये असं. ज्या साडीने जास्त पाणी पाहिलं, तिला हा मान मिळतो. नव्या साड्या कपाटात रुसून बसतात आणि जुनीला बोलावणं येतं.

या घरात ते बोलावणं मला आलं. धम्मरत्न जन्मला तेव्हा चतुराबाईने त्याला माझ्यात घेतलं. त्याच्यामागून नेहा आली, तिलाही माझ्यातच. मला कापलं मात्र नाही. सबंध नऊवारी घडी घालून, मऊ पदर वर ठेवून बाळ त्यात ठेवायचं आणि उरलेली साडी मांडीवर सोडायची. चतुराबाई म्हणायची, "अख्खी साडी हाय, म्हणजे अख्खं आयुष्य हाय." शेजारच्या खोल्यांतूनही माझ्यासाठी निरोप यायचे. कोकणातले, मराठवाड्यातले, इथले मूळचे, सगळ्यांची बाळं मी पाहिली. दर वेळी धुऊन परत आले.

मग चतुराबाई गेली. प्रभावती पाचवारी नेसणारी, त्यामुळे मला अंगावर कोणी घेईना. खोलीची दोन खोल्यांची जागा झाली, मोरीच्या जागी बाथरूम आलं, कपडे धुवायचं मशीन आलं. मी ते लांबून ऐकायचे. आत टाकलेले कपडे गरगर फिरायचे आणि शेवटी त्यांना कोणीतरी जोरात पिळायचं. मला मशीनचा राग नाही. प्रभावतीची कंबर त्याने वाचवली. पण मला कोणी त्यात टाकलं नाही, याबद्दल मी आभारी आहे.

माझं घर आता उशीचा जुना पांढरा अभ्रा. प्लास्टिकच्या पिशवीत कापड गुदमरतं, अभ्र्यातून वारा लागतो. वर्षातून एकदा प्रभावती मला बाहेर काढायची, सावलीत पसरायची, नवी घडी घालायची, कडुनिंबाचा पाला बदलायची. कोणी म्हणेल ही उपेक्षा आहे. मला ती विश्रांती वाटत होती.

निरोप

नेहा मोठी झाली, तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरीला लागली, लग्न होऊन चिखलीला राहायला गेली. गेल्या वर्षी तिला दिवस गेले. प्रभावतीने आनंदाने मला लगेच धुतलं, जराही डाग नको म्हणून उजेडात वारंवार पाहिलं आणि घडी घालून तयार ठेवलं. पाचव्या महिन्यात ते बाळ गेलं.

मी तशीच, न वापरलेली, अभ्र्यात परत गेले. नाडी बांधताना प्रभावतीचा हात मध्येच थांबला होता. तेवढंच सांगते.

या वर्षी पुन्हा दिवस गेले तेव्हा नेहाने सगळ्यांना बजावलं. झबली नकोत, पाळणा नको, खेळणी नकोत. नवीन काही आणायचं नाही, एक रुमालसुद्धा नको. सासरच्यांनी, माहेरच्यांनी, सगळ्यांनी ते पाळलं. नववा लागला तेव्हा तिने आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आई, आजीची साडी तेवढी धुऊन ठेव."

सगळ्या जगातून तिने फक्त मला मागितलं होतं.

दोन अभ्रे

आता चूक कशी झाली ते ऐका. ती चूक फक्त याच घरात होऊ शकली असती.

धम्मरत्नने भोसरीच्या एमआयडीसीत छोटी शेड घेतली आहे. दोन लेथ मशीनं, चार माणसं, बाहेरच्या कंपन्यांचं जॉबवर्क. मशीन पुसायला चिंध्या लागतात, आणि जुन्या सुती कापडासारखी चिंधी नाही. नवं कापड तेल पुढे ढकलतं, जुनं कापड तेल पितं. म्हणून घरातल्या जुन्या चादरी, बनियन, परकर सगळे शेवटी शेडला जातात. पण प्रभावतीच्या घरून चिंधीसुद्धा न धुता बाहेर पडत नाही. ती चिंध्या धुते, वाळवते, घड्या घालते आणि जुन्या अभ्र्यात भरून कपाटावर ठेवते. पुढे त्या ग्रीसमध्येच जाणार आहेत, हे तिला ठाऊक असतं. तिचं म्हणणं, जाताना तरी स्वच्छ जाऊ दे.

त्या दिवशी मला धुऊन, वाळवून अभ्र्यात घातलं होतं. पाला बदलायचा राहिला म्हणून कपाटात न ठेवता वर ठेवलं होतं. शेजारी चिंध्यांचा अभ्रा. दोन्ही पांढरे, दोन्ही जुने, दोन्हींना नाडी.

खंडेनवमी आली होती. त्या दिवशी भोसरीतली प्रत्येक शेड मशीनं धुऊन पुसून लख्ख करते. धम्मरत्नच्या घरी पूजा नाही, पण शेडमधल्या माणसांचा सण, म्हणून मशीनं पुसायला तो स्वतः उभा राहायचा. सकाळी निघताना त्याने विचारलं, चिंध्या कुठे आहेत. प्रभावती आंघोळीला गेली होती. आतूनच म्हणाली, कपाटावर, अभ्र्यात.

त्याने हात वर केला. हाताला आधी मी लागले.

शेड

शेडमध्ये जयसिंग नावाचा जुना कारागीर आहे, लातूरकडचा. त्याने नाडी सोडली, मला बाहेर ओढलं आणि खूश झाला. असलं मऊ कापड त्याला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. टोकाला दातांनी चीर दिली आणि एक लांब पट्टा फाडला.

इथे माझा तो पट्टा नाही. त्याने त्या मशीनच्या आत काय पाहिलं, ते मला सांगता येणार नाही. त्याची जागा मी रिकामी सोडते.

. . . . .

उरलेली मी जयसिंगच्या खांद्यावर होते. माझ्या एका टोकाने त्याने कूलंट, लोखंड थंड ठेवणारं ते तेलकट पाणी, टिपलं. मग लोखंड घट्ट पकडणाऱ्या चकवरचं काळं ग्रीस पुसलं. मी ते प्यायले. जुन्या कापडाला नाही म्हणता येत नाही. दुसरा पट्टा फाडायला त्याने काठाशेजारी बोटं रोवली आणि तो थांबला. बोटाखाली काहीतरी लागलं होतं.

"धम्माभाऊ," त्याने हाक मारली, "हिकडं या बरं. ह्येला कुणीतरी रफू केलंय. चिंधीला कोण रफू करतंय व्हय?"

धम्मरत्न आला. त्याने तांबडा काठ पाहिला. तो खाली बसला, तिथेच, ओल्या फरशीवर.

जयसिंगला काही कळेना. तो नुसता विचारत राहिला, कुणाचं आहे, महाग आहे का. धम्मरत्न म्हणाला, नेहाचं आहे. एवढंच.

शेडच्या कोपऱ्यात डिग्रीझरचा कॅन असतो. लोखंडावरचं कसलंही तेल तो मिनिटात काढतो. धम्मरत्नने झाकण उघडलं. वास त्याच्या डोळ्यांत गेला. मी त्याच्या दुसऱ्या हातात होते. आईला न कळता साडी पुन्हा अभ्र्यात ठेवता येईल, हा विचार त्याच्या बोटांतून मला कळत होता. त्या कॅनने मशीनचा रंगसुद्धा उडालेला त्याने पाहिला होता. मग त्याने झाकण लावलं, मला एका कोऱ्या कागदात गुंडाळलं आणि मोटारसायकलला किक मारली.

त्या रस्त्याचं मला फार काही आठवत नाही. पण त्याने मला डिकीत कोंबलं नाही. शर्टाच्या आत, पोटाशी धरून आणलं. त्याच्या शर्टालाही डाग पडला.

न बोललेला शब्द

प्रभावतीने कागद उघडला. ती ओरडली असती तर धम्मरत्नला बरं वाटलं असतं. तिने माझं फाटलेलं टोक सरळ केलं, डाग कुठून कुठवर आहे ते पाहिलं, आणि मग वर पाहिलं, कपाटाकडे. तिथे उरलेला एक अभ्रा होता. तिथे मला ठेवणारी तीच होती.

साहेबराव, आता निवृत्त, खुर्चीत बसून सगळं पाहत होता. या घरात शकुन-अपशकुन कोणी मानत नाही. साहेबरावाने मुलांना लहानपणापासून तेच शिकवलं. मांजर आडवं गेलं तर आधी मांजराला जाऊ द्यायचं, मग आपण जायचं, एवढाच त्याचा अर्थ, असं तो म्हणायचा. आजही तो शब्द कोणी उच्चारला नाही. पण तिघांच्याही तोंडात तो होता. गेल्या वर्षीचं बाळ गेलेलं, आणि या वर्षी हे. साहेबराव खाकरला. म्हणाला, साडीच आहे.

"नेहाला सांगायचं नाही," प्रभावती म्हणाली.

मग ती कामाला लागली. आधी पाणी नाही. तेलावर पाणी पडलं की तेल धाग्यात आणखी खोल बसतं. तिने मला पसरलं, डागाखाली जुना टॉवेल घातला आणि डागावर तोंडाला लावायच्या पावडरीचा थर दिला. पावडर करडी झाली, झटकली, पुन्हा पांढरी पसरली. पुन्हा करडी झाली. मग भांड्यांच्या साबणाचे थेंब टाकून बोटाच्या पेरांनी डागाच्या कडेकडून आत, आत. ब्रश धम्मरत्नने पुढे केला होता. तिने तो नुसता बाजूला सारला.

आता भरपूर पाणी हवं होतं, आणि तो पाण्याचा दिवस नव्हता. नळाला एक दिवसाआड येतं. घरातलं पिंप तळाशी गेलं होतं. साहेबराव खुर्चीतून उठला, गुडघे धरत वरच्या मजल्यावर गेला आणि भाडेकरू जयमालाला म्हणाला, पाणी दे बाई, कशाला ते विचारू नको. जयमालाने विचारलंच. ऐकून तिने आपलं अख्खं पिंप मोकळं केलं. स्वतः बादल्या घेऊन जिना उतरली. म्हणाली, माझी आंघोळ उद्या होईल, साडीची आज होऊ दे.

मित्रांनो, मला आजवर खूप पाण्याने धुतलं. इतकं गोड पाणी लागलं नव्हतं.

ओली नऊवारी फार जड होते. नुसतं टोक धरून उचललं तर जुना धागा स्वतःच्याच वजनाने तुटतो. म्हणून धम्मरत्नने दोन्ही हात खाली घालून, जखमी माणसाला उचलतात तसं मला बादलीतून उचललं. दोरीवर नाही, खाटेवर आडवं पसरलं. प्रभावतीने त्याचे हात पाहिले. पिळायचं नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

वाळले तेव्हा दिसलं. काळं गेलं होतं. करड्या रंगाची एक मोठी सावली मात्र राहिली होती.

खाटेशेजारी

नेहा येणार होती रविवारी. ती दुसऱ्याच दिवशी दुपारी आली, रिक्षातून हळूच उतरून. म्हणाली, घरी करमेना. मी अजून खाटेवरच होते.

प्रभावतीने घाईने चादर ओढायचा प्रयत्न केला. चहा सांडला गं, म्हणाली, थोडासाच. नेहा खाटेच्या कडेला बसली. तिने माझा डागाचा भाग उचलला आणि नाकाशी धरला.

"चहा नाही हा. कूलंट आहे. पप्पांच्या शर्टाला यायचा हा वास."

मग सगळं सांगावं लागलं. धम्मरत्न दाराशी उभा राहून सांगत होता आणि बहिणीकडे पाहत नव्हता. अभ्रा, शेड, फाडलेला पट्टा. प्रभावती मध्ये मध्ये म्हणत होती, मीच वर ठेवली होती, त्याची चूक नाही, मीच. आणि मग तिचा आवाज फुटला. म्हणाली, तू एकच गोष्ट मागितली होतीस.

नेहाचा एक हात पोटावर होता, एक माझ्यावर. खोलीत पंखा फिरत होता. कोणीही न बोललेला तो शब्द सगळ्यांच्या मध्ये बसला होता. मला वाटलं, आता ती मला बाजूला सारेल. तिने सारलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

मग तिने आईकडे मान वळवली.

"आई, मागच्या वेळी साडीला काहीच झालं नव्हतं."

प्रभावतीने डोळे पुसता पुसता वर पाहिलं.

"एक डाग नव्हता. एक धागा निघाला नव्हता. तरी झालं ना जे व्हायचं ते." नेहाने माझी घडी आपल्याकडे ओढली. "काप ही. जेवढी चांगली आहे तेवढी कापून घे. बाळाला काय नऊ वार लागणार आहे?"

साहेबरावाने चष्मा काढून उगाचच पुसला. दादाकडे वळून नेहा म्हणाली, "आणि तू दारात काय उभा राहिलायस? चिंधीचोर. आत ये, पाणी दे मला."

धम्मरत्न इतक्या घाईने आत आला की पेला खाली पडला.

कात्री

मला कधी कात्री लागली नव्हती. अख्खी साडी म्हणजे अख्खं आयुष्य, हे चतुराबाईचं बोलणं मलाही पाठ होतं, प्रभावतीलाही. तिने कात्री हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. मग पदराच्या बाजूचा, स्वच्छ राहिलेला, सगळ्यात मऊ भाग तिने मोजलाही नाही, नेहाच्या हाताच्या अंदाजाने कापला. दुखलं का, असं विचाराल. धारदार कात्री दुखवत नाही. ती फक्त सांगते, आता इथून तू वेगळी.

ते तुकडे पुन्हा धुतले गेले. या वेळी उन्हात वाळले. इतकी वर्षं रंग जाईल म्हणून मला सावलीत जपलं, पण बाळाच्या कापडाला ऊनच हवं. प्रभावतीने ते गच्चीवर, भर उन्हात, हौसेने पसरले.

दिवाळीच्या आधी नेहाला मुलगी झाली. दवाखान्यातल्या सिस्टरने बाहेर येऊन विचारलं, कपडा आणलाय का, नवा नको. प्रभावतीने अभ्रा पुढे केला. सिस्टरने मला दोन बोटांत चोळून पाहिलं आणि आत नेलं. मग एक गरम, ओलं, रागावलेलं छोटंसं अंग माझ्यात आलं. तिने एकदा हात ताणला, माझा तांबडा काठ मुठीत पकडला आणि सोडला नाही.

तिचं नाव मिनल ठेवलं. नामकरण विहारात झालं. तेव्हा तिच्या अंगावर नवं झबलं होतं, आणि त्याच्या आत, कातडीला लागून, मी.

डाग पडलेला भाग प्रभावतीने धुऊन, घडी घालून, अभ्र्यात भरून शेडला पाठवला. हो, शेडलाच. जयसिंग आधी तो घ्यायला तयार नव्हता. धम्मरत्न म्हणाला, आईनेच दिलाय, घे. आता तिथे मी मशीन पुसते. काही जण म्हणतील, बिचारी. मित्रांनो, तसं म्हणू नका. चिखलीत मी मिनलचं दुपटं आहे, भोसरीत मशीनची चिंधी आहे, आणि दोन्हीकडे माझं काम एकच आहे: ओलं टिपायचं. मला ते येतं. ज्यांनी मला इतक्या वेळा पाणी दाखवून इतकं मऊ केलं, त्यांचं ते देणं मी फेडते आहे.

तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणीतरी असेल. कपाटाच्या तळाशी, एखाद्या पिशवीत, एकाच घडीवर वर्षानुवर्षं बसलेलं. त्याला एकदा बाहेर काढा. प्लास्टिकमधून मोकळं करा. सावलीत पसरा, हात फिरवा, घडी दुसऱ्या जागी मोडा. धुवायला घेतलंत तर हातांना सांगा, पिळू नका. आणि डाग पडलाच, तर जिने किंवा ज्याने पाडला, त्या माणसाला आधी पाणी द्या, मग कापडाला.

माझ्या पहिल्या धुण्यात काठाचा तांबडा रंग इतका उतरला होता, की साडी नासली असं समजून चतुराबाई पितळी बादलीशेजारी बसून रडली होती. तोच काठ पुढे मिनलच्या मुठीत गेला.